तीन शहरांची एकच टाकी

डुलूथ, मिनेसोटा
६ मार्च १९६२

संपादक, बेलफ्राय मॅगझिन्स, न्यूयॉर्क

महोदय,

आपल्या कंपनीची तीन कॉमिक्स मी नियमित वाचते. पोलादी पाद्री पोर्ट सेंटिनेल या बंदरात राहतो, मिस तुफान गव्हाच्या शेतांमधल्या मेडोबर्गला, आणि कर्नल काच वाळवंटातल्या सोलवेलला. असं आपणच दर महिन्याला छापता.

मार्चच्या तिन्ही अंकांत गच्चीवर पाण्याची एक लाकडी टाकी आहे. तिच्या वरून दुसऱ्या लोखंडी पट्टीला तडा आहे, शिडीची तिसरी पायरी नाही, आणि ती किंचित डावीकडे कललेली आहे. मी भिंगातून पाहिलं. तिन्हीकडे तडा एकाच जागी आहे.

यातून दोनच निष्कर्ष निघतात. एक तर तीन निरनिराळ्या गावांतल्या तीन टाक्या एकाच तऱ्हेने मोडल्या आहेत, नाहीतर हे तिघे एकाच गल्लीत राहतात. दुसरं खरं असेल तर कर्नलबद्दल माझी गंभीर तक्रार आहे. फेब्रुवारीत पाद्री तीन दिवस ढिगाऱ्याखाली अडकला होता. त्याच टाकीसमोर ज्याची खिडकी उघडते तो कर्नल ते तीन दिवस कॉफी पीत बसलेला आपण दाखवला आहे. शेजारी म्हणून माणसाला काही वाटायला हवं.

पंधरा दिवसांत खुलासा न आल्यास प्रकाशक मिस्टर सेल्डिन यांना थेट लिहीन.

आपली,
एडिथ लिंडक्विस्ट


न्यूयॉर्क
११ मार्च १९६२

प्रिय छोट्या मैत्रिणी,

तुझं गोड पत्र मिळालं! पाद्री, तुफान आणि कर्नल या तिघांनी तुला हॅलो सांगितलंय. रोज दूध पी, गृहपाठ वेळेवर कर आणि रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ.

वरचं सगळ्या मुलांना छापीलच जातं. पुढचं मी खास तुझ्यासाठी हाताने लिहितोय. एडिथ, तू भलतीच हुशार निघालीस! ते तिघं खरंच एकाच गावात राहतात. हे आमच्या ऑफिसातलं सगळ्यात मोठं गुपित आहे, आणि सबंध अमेरिकेत ते फक्त तू ओळखलंस. आता शहाण्या मुलीसारखं कुणालाही सांगायचं नाही. आईला नाही, बाईंना नाही.

तुझा दोस्त,
एल. स्कॅग्स
सहसंपादक

ता.क. मिस्टर सेल्डिनना मात्र अजिबात लिहू नकोस. मुलांच्या पत्रांनी त्यांचं डोकं दुखतं. त्यांच्यापेक्षा जास्त ते टाकी काढणाऱ्याचं दुखेल.


डुलूथ
१७ मार्च १९६२

मिस्टर स्कॅग्स,

मी सत्तावन्न वर्षांची आहे. दूध पचत नाही, कॉफी सहा कप पिते. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघते, कारण इथे एप्रिलपर्यंत बर्फ असतो आणि ट्रक घसरतात.

एकतीस वर्षं मी काउंटीच्या जमीन दप्तरात नकाशे काढते. माझं काम एवढंच, की एका कागदावर संपलेलं कुंपण दुसऱ्या कागदावर तिथेच सुरू झालं पाहिजे. दोन हात इकडेतिकडे झालं तर दोन शेतकरी आयुष्यभर बोलत नाहीत. म्हणून तुमची टाकी नजरेत भरली.

कॉमिक्सची सवय मला लढाईमुळे लागली. ४३ साली आमच्या चर्चच्या हॉलमध्ये आम्ही बायका सैनिकांसाठी मासिकांचे गठ्ठे बांधायचो. मी प्रत्येक अंक आधी तपासायची. तपासता तपासता वाचायची. तेव्हा झगेवाले वीर टपरीवर मावत नसत. लढाई संपली आणि वाचक प्रेमकथांकडे आणि गुराख्यांकडे वळले. वीर एकेक करून नाहीसे झाले, निरोपाचं एक वाक्यसुद्धा न बोलता. मग ५४ साली सेनेटसमोर चौकशी झाली, पोरं कॉमिक्सने बिघडतात म्हणून. त्याच चर्चच्या अंगणात त्याच बायकांनी त्याच अंकांची होळी केली. मी माझे अंक पोटमाळ्यावर नेऊन ठेवले आणि होळीला कॉफी घेऊन गेले.

गुपित मी पाळीन. पण गुपितालाही उत्तर-दक्षिण असावी. तुमच्या अंकांवरून मी तुमच्या गावाचा नकाशा काढला आहे, सोबत जोडते. त्याप्रमाणे बंदराच्या धक्क्यापासून चौथ्या गल्लीत निवडुंग उगवतात. हे कसं?

ए. लिंडक्विस्ट


न्यूयॉर्क
२२ मार्च १९६२

आदरणीय मिस लिंडक्विस्ट,

चूक झाली, माफ करा. आम्हाला पत्रं येतात ती बहुतेक दात पडलेल्या वयाची. नकाशा बघून मी खुर्चीतून उठलो. मी रोज ज्या घरांसोबत असतो ती रस्त्याला लागून उभी आहेत हे मला पहिल्यांदाच कळलं.

निवडुंगाचं असं आहे. सोलवेल हे वेगळं गाव नाहीच, ती एक वस्ती आहे. पूर्वी एका दुष्ट शास्त्रज्ञाने तिथली हवा खराब करून ठेवली, तेव्हापासून तेवढ्याच चार गल्ल्यांत पाऊस पडत नाही. बाकी गाव ओलं, सोलवेल कोरडं. मेडोबर्ग म्हणजे गावाचा मागचा भाग. तिथे गहू आहे.

एवढं मी आमच्या संपादक मंडळाच्या वतीने सांगतोय. मिस्टर सेल्डिनना कामं फार असतात.

आपला नम्र,
एल. स्कॅग्स
सहसंपादक


डुलूथ
३० मार्च १९६२

मिस्टर स्कॅग्स,

हवेचा खुलासा उत्तम आहे. पोटमाळ्यावर जाऊन पाहिलं. ४७ सालच्या एका अंकात पाद्रीचा एक शत्रू ढग चोरून नेतो आणि ते परत केल्याचं कुठेच छापलेलं नाही. तेव्हा तुमचं म्हणणं पुराव्याला धरून आहे. तुम्हाला हा पुरावा माहीत नव्हता, याची मला खात्री आहे.

आता एक साधा प्रश्न. सहसंपादक पाच दिवसांत स्वतःच्या हाताने उत्तर लिहीत नाहीत. तुमच्या दोन्ही पत्रांच्या मागे काळ्या शाईचा अंगठा उठला आहे. संपादकांच्या अंगठ्याला शाई नसते, फार तर सँडविचमधली मोहरीची चटणी असते. टाकी तुम्ही काढता का?

ए. लिंडक्विस्ट


न्यूयॉर्क
४ एप्रिल १९६२

मिस लिंडक्विस्ट,

होय.

आता सगळंच सांगतो, मग तुम्ही मिस्टर सेल्डिनना लिहा नाहीतर शेरीफला लिहा.

मी लोनी स्कॅग्स, वय बावीस, केंटकीच्या डोंगरातला. शाळा सहावीत सुटली, म्हणजे शाळा तिथेच राहिली, मी सुटलो. चार वर्षांत नऊ नोकऱ्या केल्या. लाकडाची वखार, बस धुणं, कोंबड्या सोलणं, सर्कशीचा तंबू ठोकणं, शिकागोला हॉटेलात लिफ्ट. कुणी हाकललं नाही हो. सकाळी उठायचो आणि पाय दुसरीकडेच चालू लागायचे. इथे मात्र अकरा महिने झाले आणि पाय गप्प आहेत.

काम असं असतं. खिडकीजवळच्या टेबलांवर माणसं काढणारे बसतात. ते पाद्री काढतात, तुफान काढतात, आणि मागची जागा कोरी ठेवून निळ्या पेन्सिलीने लिहितात, 'घरं'. ते पान मागच्या खोलीत माझ्याकडे येतं. मी घरं काढतो. शुक्रवारी टपालाची पिशवी पण माझ्याकडेच, कारण बाकीचे म्हणतात पोरांचं अक्षर पोरालाच कळेल. तुमचं पत्र मी असं उचललं.

ती टाकी आमच्या मोरीच्या खिडकीतून दिसते. एकदा बघून काढली, झकास जमली. मग काचेखाली दिवा असलेल्या पेटीवर ठेवून गिरवत राहिलो. मला दूर जाणाऱ्या गच्च्या काढताच येत नाहीत, सगळ्या अंगावर पडतात. गेल्या वर्षी एकाने घोडा गिरवला तर मिस्टर सेल्डिननी त्याला जेवायच्या सुट्टीत घरी पाठवला. म्हणाले, "गिरवणं म्हणजे चोरी. स्वतःचंच गिरवलं तरी चोरी!"

मला खिडकीजवळ बसायचंय. चेहरा काढायचाय. एकच, पण माझा. गस म्हणून आमचा म्हातारा शाईवाला आहे, पेन्सिलीच्या रेघांवर शाई चढवणारा, तो म्हणतो, "आधी घराला कोपरा काढ, मग माणसाला नाक." टाकीचं बाहेर पडलं तर ना कोपरा ना नाक.

लोनी


डुलूथ
१० एप्रिल १९६२

लोनी,

तू बावीस वर्षांचा आहेस हे कळल्यावर 'तुम्ही' लिहायला हात वळत नाही.

शेरीफला लिहिणार नाही. गच्च्या अंगावर पडतात कारण तू डोळ्याची रेषा ठरवत नाहीस. जिथे उभा आहेस तिथून तुझ्या डोळ्याइतक्या उंचीवर कागदभर एक आडवी रेघ मार. त्या रेघेच्या वरचं सगळं दूर जाताना खाली उतरतं, खालचं सगळं वर चढतं. हे मला समजायला दोन आठवडे लागले आणि ते मला एका पुरुषाने समजावलं होतं, तेव्हा तुला एक पुरे.

पेटी बंद कर. गच्चीवर जा, बस, बघ, काढ. दर रविवारी एक कागद मला पाठव. मी लाल पेन्सिलीने परत करीन.

एडिथ लिंडक्विस्ट


न्यूयॉर्क
१८ सप्टेंबर १९६२

मिस लिंडक्विस्ट,

तुमच्या लाल पेन्सिली संपल्या नसतील तर आश्चर्य. एकविसावा कागद सोबत आहे. यातल्या धुराड्यावर गस म्हणाला, "हे उभं आहे." म्हातारा यापेक्षा जास्त कौतुक स्वतःच्या बायकोचंही करत नाही.

पण आज दुसरंच सांगायचंय. मी तुमचा नकाशा वापरला. न विचारता.

अंक खपत नाहीत. दोन्ही मोठ्या कंपन्यांचे वीर एकमेकांच्या अंकात जाऊन मारामाऱ्या करतात, मग हात मिळवतात, आणि पोरं दोन्ही अंक विकत घेतात. सोमवारी मिस्टर सेल्डिननी सगळ्यांना उभं केलं. म्हणाले, "तिकडे सगळे व्याह्यांसारखे एकमेकांकडे उठबस करतायत, आणि आपले तिघं तीन गावांत सुतकात बसल्यासारखे! कुणाकडे काही आहे?"

सगळे बुटांकडे बघत होते. मी पानं द्यायला आत गेलो होतो. तोंडातून निघून गेलं, "ते एकाच गावात राहतात, सर."

"तू कोण?"

"घरं, सर."

मी नकाशा पसरला. बंदर, गहू, चोरीला गेलेले ढग, सगळं सांगितलं. मग मिस्टर सेल्डिन म्हणाले, "टाकी. तिन्ही अंकांत टाकी आहे. म्हणजे हे मी सुरुवातीपासून पेरत आलोय!" आणि ते खोलीभर बघायला लागले. मग बाकीचेही म्हणायला लागले की हो, आम्हाला शंका होतीच.

टाकी गिरवलेली आहे हे सांगून मरू का? तुमचं नावही घेतलं नाही. नकाशा कुणाचा विचारलं तर म्हणालो, मिनेसोटाच्या एका वाचकाचा. पत्ता त्यांनी लिहून घेतलाय.

रागावलात का?

लोनी


डुलूथ
२४ सप्टेंबर १९६२

लोनी,

रागावले नाही. एकतीस वर्षं माझ्या नकाशांवर वरिष्ठांची सही असते. नदी तरीही मी काढली तिथूनच वाहते.

धुराडं उभं आहे, पण शेजारची भिंत आजारी आहे. लाल खूण पाहा.

ए. लिं.


डुलूथ
२१ जानेवारी १९६३

मिस्टर सेल्डिन,
बेलफ्राय मॅगझिन्स

महोदय,

'पहारेकरी त्रिकूट' या आपल्या नव्या संयुक्त मासिकाची तपासनीस म्हणून आपण केलेली नेमणूक मी स्वीकारली आहे. अंकांतल्या प्रत्येक घरावर आणि गल्लीवर मी केलेल्या अकराशे चाळीस नोंदपत्रांची नक्कल रेल्वे पार्सलने पाठवली. आपण पाठवलेली पाचव्या अंकाची पहिली आठ पानं तपासली. अहवाल असा.

पान ३, ४, ६ आणि ७ वर पाद्रीच्या गल्लीतली टाकी चुकीची आहे. दुसऱ्या पट्टीला तडा नाही, शिडीच्या सगळ्या पायऱ्या शाबूत आहेत, टाकी सरळ उभी आहे. त्याशिवाय आसपास सात नव्या टाक्या आहेत, ज्यांची नोंद कुठल्याही अंकात नाही. चित्रकाराचा हात चांगला आहे, किंबहुना आधीच्यापेक्षा पुष्कळ चांगला. पण तो या गावात कधी राहिलेला दिसत नाही. पानांवर नाव नसल्याने त्याला थेट लिहिता येत नाही. कृपया सूचना द्यावी.

एडिथ लिंडक्विस्ट


न्यूयॉर्क
२२ जानेवारी १९६३

मिस लिंडक्विस्ट,

बसा आधी. बसलात?

पहिला अंक संपला, दुसरा संपला, तिसरा पुन्हा छापला. मिस्टर सेल्डिन रेडिओवर गेले आणि म्हणाले, या विश्वाची आखणी मी दहा वर्षं करत होतो. ऑफिसात आता त्याला 'सेल्डिन विश्व' म्हणायचं. गस म्हणतो, देवाला सहा दिवस लागले, पण त्याच्याकडे पेटी नव्हती.

खरी बातमी पुढे आहे. मला आठ पानं मिळाली! पाचव्या अंकाची पहिली आठ. सगळी घरं माझी, आणि ती जमली तर पुढच्या अंकात दोन चेहरे, असं मिस्टर सेल्डिन स्वतः म्हणाले. तीन आठवडे मी गच्च्यांवर फिरलो. नाक गोठलं. एकही रेघ गिरवलेली नाही. आठ टाक्या, आठही वेगळ्या, आणि एकही अंगावर पडत नाही!

तुम्हाला छापून आल्यावरच दाखवणार होतो, राहवलं नाही. पानं कुणा बाहेरच्या तपासनीसाकडे गेलीत म्हणे. जाऊ देत. या वेळी कुणाला भिंग लावून काही सापडायचं नाही.

लोनी


न्यूयॉर्क
२६ जानेवारी १९६३

मिस लिंडक्विस्ट,

तुमचा अहवाल मिस्टर सेल्डिननी आम्हा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. सही ऐकेपर्यंत मला कळलं नाही. सही ऐकल्यावर गसने माझ्याकडे बघितलं आणि शाईच्या बाटलीला झाकण लावलं.

"हा गाढव कोण आहे?" मिस्टर सेल्डिन ओरडले. "मी दहा वर्षं विश्व उभं करतोय आणि हा येऊन माझी टाकी दुरुस्त करतो! आधीचा टाकीवाला कुठे गेला? तो कलावंत होता! दर महिन्याला तोच तडा, केसभर फरक नाही! असा हात शंभर वर्षांत एकदा होतो!"

मी म्हणालो, "ती पानं माझी आहेत, सर."

"आणि आधीची?"

आता सांगा, काय बोलणार होतो? आधीचीही माझीच म्हटलं तर मूळ कागद दाखवावे लागले असते, आणि त्यात एकच टाकी आहे, बाकी सगळी दिव्यावरची चोरी. मी म्हणालो, "तो सोडून गेला, सर."

"मग तूही जा. शुक्रवारपर्यंत ही आठ पानं पुरी कर आणि टेबल रिकामं कर."

तर मिस लिंडक्विस्ट, आळशीपणा केला तेव्हा कलावंत होतो, मेहनत केली तर गाढव झालो. तुमच्यावर राग नाही. टाकी चुकलेली आहे हे खरंच आहे, मी पण तुमच्या जागी तेच लिहिलं असतं. फक्त मला वाटलं होतं की ती चांगली झालीय.

शुक्रवारनंतर पत्ता कळवीन. चेहऱ्यांचं राहिलं.

लोनी


डुलूथ
२९ जानेवारी १९६३, हवाई टपालाने

मिस्टर सेल्डिन,

माझ्या २१ तारखेच्या अहवालात गंभीर चूक आहे. चूक माझी आहे.

तिसऱ्या अंकाच्या सतराव्या पानावर मिस तुफान पाद्रीच्या गल्लीवरून ताशी नव्वद मैलांचा वारा नेते. पट्टीला तडा गेलेली, एका बाजूला कललेली जुनी लाकडी टाकी त्या वाऱ्यात उभी राहणं अशक्य आहे. इथे डुलूथला सत्तर मैलांच्या वाऱ्यात अशा दोन पडलेल्या मी पाहिल्या आहेत. ती टाकी तिसऱ्या अंकातच पडली. तेव्हा चूक पाचव्या अंकात नसून चौथ्या अंकात आहे, जिथे ती पूर्वीसारखीच दाखवली आहे.

पाचव्या अंकाच्या चित्रकाराने नवी, सरळ, पूर्ण शिडीची टाकी काढली. आपल्या विश्वात काय घडून गेलं आहे हे समजलेला तुमच्या ऑफिसात तो एकटाच दिसतो. त्याला सोडू नये.

एडिथ लिंडक्विस्ट
तपासनीस


डुलूथ
२९ जानेवारी १९६३

लोनी,

मी काय केलं ते कळलं. टेबल रिकामं करू नकोस. वरिष्ठांना पत्र गेलं आहे.

आयुष्यात मी नसलेली रेघ कधी काढली नाही. आजही काढलेली नाही. वारा खरोखरच नव्वदचा आहे, मी तीनदा मोजला. पण कालपर्यंत मी तो मोजायला बसले नव्हते, हेही खरं. पोटमाळ्यावर मी पाच तास होते आणि शेवटी एका जुन्या वाऱ्यासाठी देवाचे आभार मानले. आमच्या चर्चच्या पाळकांना हे सांगणार नाही.

टाक्या चांगल्या झाल्या आहेत. पानं पाहिली तेव्हा मनात आलं होतं, की असा मुलगा माझ्या दप्तरात असता तर. तो असायला हवा तिथेच आहे हे माझ्या लक्षात आलं नाही.

एडिथ


न्यूयॉर्क
९ फेब्रुवारी १९६३

मिस लिंडक्विस्ट,

तुमचं पत्र गेल्या आठवड्यात गुरुवारी, मुदतीच्या आदल्या दिवशी आलं. मी टेबलाचे खण रिकामे करत होतो तेवढ्यात आतून आरोळी आली. "टाकी पडली! आणि आपण ते दाखवलंच नाही!" मिस्टर सेल्डिन बाहेर आले ते तुमचं पत्र झेंड्यासारखं धरून. "अख्खं गाव त्या टाकीचं पाणी पितं! ती पडते आणि आपण एक चौकट देत नाही? वीस पानं! सहावा अंक पूर्ण टाकीवर!"

मग माझ्याजवळ थांबले. "तू. तुला हे माहीत होतं?"

गस मागून म्हणाला, "त्याला माहीत होतं, म्हणूनच तर नवी काढली. तुम्ही विचारलंत कुठे?"

नोकरी वाचली. पण ऐका पुढे. टाकी आता पात्र झालीय. ती कोसळते, तीत पाद्री अडकतो, ती कथेची नायिका आहे म्हणा ना. आणि पात्रं खिडकीजवळची माणसं काढतात. मी घरांचा. त्यामुळे माझी टाकी मला काढता येणार नाही, ती बढती मिळून पुढे गेली आणि मी मागेच राहिलो.

माझ्याकडे काय आलं माहितीय? सबंध गल्ली टाकी बघायला जमते, ती गर्दी. गर्दी इथे 'घरं' याच कामात धरतात. निळ्या पेन्सिलीने एकच शब्द होता, 'लोक'. डबल पानभर.

मी विचारलं, "किती काढू?"

माणसं काढणाऱ्यांचा मुख्य म्हणाला, "ठिपके मार रे. लांबची गर्दी ठिपक्यांचीच असते."

मी ठिपके मारणार नाहीये. दोन आठवडे पत्र येणार नाही. काम आहे.

लोनी


डुलूथ
४ मार्च १९६३

मिस्टर सेल्डिन,

सहावा अंक तपासला. अहवाल.

टाकी योग्य रीतीने पडते.

पान १० आणि ११, गर्दी. मी भिंगाखाली दोनशे चौदा चेहरे मोजले. दोन चेहरे एकसारखे नाहीत. एक फळवाला आहे, त्याच्या कडेवर मूल आहे. एका म्हाताऱ्याच्या हातात शाईची बाटली आहे. एक बाई वर न बघता शेजारणीशी भांडते आहे, आणि शेजारीण वर बघण्यासाठी ते भांडण थांबवू पाहते आहे. बाकी अंकात वीर काय करत होते ते मला दोनदा वाचावं लागलं, कारण लक्ष या पानावर होतं.

तिसऱ्या ओळीत भिंग घेतलेली एक बाई आहे. तिची हॅट मला मान्य नाही. बाकी चूक नाही.

आपण चित्रकारांची नावं छापत नाही हे मला माहीत आहे. माझ्या नोंदपत्रांत मात्र प्रत्येक गोष्टीच्या कर्त्याचा रकाना आहे, आणि तो रिकामा ठेवण्याची मला सवय नाही. या पानांपुढे मी 'लोनी स्कॅग्स' असं लिहिलं आहे. हे आपल्या मंजुरीसाठी नसून माहितीसाठी आहे.

एडिथ लिंडक्विस्ट
तपासनीस


न्यूयॉर्क
११ मार्च १९६३

मिस लिंडक्विस्ट,

तुमच्या अहवालाने काय करून ठेवलंय ते बघा.

मिस्टर सेल्डिन तो घेऊन माझ्या खोलीत आले. माझी खोली कुठे आहे हे त्यांना गसने दाखवावं लागलं. म्हणाले, "दोनशे चौदा?"

"हो, सर."

"सगळे वेगळे?"

"हो, सर."

"कुणी सांगितलं होतं? आता ते त्या गल्लीचे रहिवासी झाले! पुढच्या महिन्यात गल्ली दाखवली की हेच लोक हवेत. त्यातला एक जरी बदलला तर ती मिनेसोटाची बाई मला कबरीतसुद्धा झोपू देणार नाही." मग दारात थांबून म्हणाले, "यांची नावं काय?"

मी म्हणालो, "अजून ठेवायचीत, सर."

"ठेव. प्रत्येकाचं नोंदपत्र कर. कोण, काय काम करतो, कुठल्या मजल्यावर राहतो. आणि यापुढे या लोकांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तूच काढायचे."

टेबल तेच आहे, मागच्या खोलीतलं. अंकावर माझं नाव नाही. 'सेल्डिन विश्वा'त आता दोनशे चौदा माणसं आहेत ज्यांची सेल्डिनना ओळख नाही. पण बघतोय, तर रोज सकाळी मिस्टर सेल्डिन कोट काढायच्या आधी माझ्याकडे येऊन विचारतात, "आज कोण?"

नावांना मदत हवी. साठ झाली, पुढे सुचत नाहीत. तुमच्या काउंटीत दप्तरावर एवढे शेतकरी आहेत, त्यांची थोडी उसनी द्या. भांडणाऱ्या दोघींना तुमच्यासारखी स्वीडिश नावं चालतील का? हॅट बदलायला सांगाल तर बदलत नाही, आता ती छापून गेलीय आणि नियम तुमचाच आहे.

आणखी एक. ओरेगॉनहून माझ्या सर्कशीतल्या दोस्ताचं पत्र आलंय. लाकूडतोडीच्या छावणीत जागा आहे, डोंगर आहेत, नदी आहे, लगेच ये म्हणतो. गेल्या वर्षी आलं असतं तर पत्र वाचता वाचता बूट घातले असते. काल बसून उत्तर लिहिलं. त्याला म्हटलं, बाबा रे, यायला काही हरकत नव्हती, पण मी निघालो तर फळवाल्याच्या कडेवरचं पोर कुणाचं, हे इथे कुणालाच माहीत नाही.

त्याचं नाव आधी सुचवा.

तुमचा,
लोनी